आमेननंतरची कडी

सोमवार, पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं. श्रीरामपुरातल्या आपल्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून सुचित्रा दुशिंग स्वतःच्याच कथेतला एक प्रसंग काढून टाकायचा प्रयत्न करत होत्या. प्रसंग निघत होता, पण तो निघाला की कथेत काही उरत नव्हतं. त्यांनी तो परत घातला. मग परत काढला.

सुचित्राबाई शाळेत मराठी शिकवतात आणि विशीपासून लिहितात. सुरुवातीच्या कथा चर्चच्या मंडळीच्या मासिकात यायच्या. त्यांतला दारुडा नवरा शेवटच्या परिच्छेदात गुडघे टेकायचा. महिला मंडळात त्या मोठ्याने वाचल्या जात. पुढे बाईंच्या कथांतले नवरे गुडघे टेकेनासे झाले. संपादकांनी आधी स्वतःच शेवटी बायबलचं एखादं वचन जोडून पाहिलं, नंतर कथा परत पाठवायला लागले. बाईंनी त्या दिवाळी अंकांकडे पाठवल्या. तिथून उत्तर यायचं, वातावरण फारच ख्रिस्ती आहे, सर्वसाधारण वाचकाला जवळचं वाटणार नाही. हा सर्वसाधारण वाचक कोण, ते बाईंना कधी कळलं नाही.

वाचक मिळाले ते शवपेटीपाशी. दफनाआधी चर्चमध्ये मयत माणसाचा जीवनवृत्तांत वाचायची पद्धत आहे. तो घरच्यांच्या तोंडचा असतो, घरचंच कोणी वाचतं, खाली लेखकाचं नाव नसतं. घरात कोणी गेलं की लोक जन्मतारीख आणि बसलेला घसा घेऊन बाईंकडे येत. आई फार प्रेमळ होती, हे सगळेच सांगत. बाई विचारायच्या, "ते राहू दे. कामावरून आली की आधी काय करायची?" बाईंचा हात तयार झाला तो अशा उत्तरांवर.

राहीबाई अमोलिक गेल्या तेव्हा त्यांची मुलगी सृष्टी अशीच आली. ती बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता सुप्याच्या कारखान्यात नोकरीला. आई दवाखान्यात आया होती, रात्रपाळी करायची, यापुढे तिला काही सुचेना. दफन दुपारी होतं. बाईंनी आपल्या एका परत आलेल्या कथेतला प्रसंग उचलला आणि राहीबाईंना देऊन टाकला. रात्रपाळीहून आलेली आई चपला हातात घेऊन दाराबाहेर थांबते, कारण आत मुलांची सकाळची प्रार्थना चाललेली असते. आमेन ऐकू आल्यावरच ती कडी वाजवते.

सृष्टीने ते वाचलं तेव्हा पुरुषसुद्धा रडले. कोणीतरी मोबाईलवर टिपलं आणि ते नाशिक-पुण्यापर्यंत फिरलं. सृष्टीला मेळाव्यांतून बोलावणी येऊ लागली. प्रसंग आपल्या कथेतला आहे, हे बाईंनी कोणाला सांगितलं नाही. खरं तर त्या खूश होत्या. आपलं लिहिलेलं अनोळखी माणसांच्या तोंडून ऐकायचं सुख त्यांना पहिल्यांदाच मिळत होतं.

यंदा पुण्याच्या प्रकाशक पंकजा यांनी बाईंचा कथासंग्रह घेतला, बाईंचं पहिलं पुस्तक. पहिलीच कथा कडीची. आठवड्यात फोन आला.

"मॅडम, तो दाराबाहेरचा प्रसंग सृष्टी अमोलिक यांचा आहे ना? मी व्हिडिओ पाहिलाय."

"माझी कथा त्याच्या कितीतरी आधीची आहे."

"असेल हो. पण लोकांनी तो त्यांच्या तोंडून ऐकलाय. उद्या चोरीचा आरोप तुमच्यावर येईल. त्यांची लेखी संमती आणा, मग छापू."

शनिवारी बाई अमोलिकांकडे गेल्या. सृष्टी सुट्टीवर आली होती. तिची आत्या भागूबाई दारात मेथी निवडत बसली होती.

"या बाई. लई वाळलाय तुमी. शाळंतली पोरं खात्यात व्हय तुमास्नी?" आत्या हसली. "आमच्या सृष्टीनं त्या दिवशी लई रडविलं बगा. वयनी उठून बसती का काय, आसं झालं हुतं. जित्तेपनी तिचं येवढं कुनी आयकलं न्हाई."

बाईंनी कामाचं सांगितलं. सृष्टीचा चेहरा बदलला.

"बाई, ती माझ्या आईची आठवण आहे. तुम्ही कथेत कशी घेतली?"

"कथा आधी होती, सृष्टी. त्या दिवशी मीच तो प्रसंग घातला. तू सांगितला नव्हतास."

"शब्द तुमचे, मी कुठं नाही म्हणते? पण कडी मी ऐकलीय. मी धाकटी, दाराजवळ बसायचे. आईच्या हाताला फिनाईलचा वास यायचा."

फिनाईल बाईंना सुचलं नव्हतं. ते त्यांच्या कथेत असायला हवं होतं, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं.

"कसली कडी गं?" आत्या म्हणाली. "रातपाळीची आली की आदी मोरीत जायची ती. तुमी पोरं झोपल्याली असायची. परार्थना कुटली?"

"आत्या, तू गप बस." सृष्टी बाईंकडे वळली. आवाज उतरला होता. "म्हणजे आईच्या पेटीपाशी उभं राहून मी खोटं वाचलं?"

कथा परत पाठवताना दिवाळी अंकाने जोडलेली, तारीख घातलेली चिठ्ठी बाईंच्या पर्समध्ये होती. ती दाखवली की संमती लागणार नव्हती. पंकजांना तेवढा पुरावा पुरला असता. आणि सृष्टीला तिचं उत्तर मिळालं असतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "तू सांगितलं असशील. माझ्याच डोक्यात गोंधळ झाला."

"मग कथेतून काढा ते, बाई."

"काढते."

सोमवारी पहाटे ते काढून कथा उरेना, म्हणून शाळेला निघायच्या आधी बाईंनी सबंध कथा मागे घेतल्याचं पंकजांना कळवलं. मधल्या सुट्टीत उत्तर आलं. त्या कथेशिवाय संग्रह उभा राहत नाही, पुढे कधीतरी बघू.

संध्याकाळी दोन भाऊ दारात आले. त्यांचे वडील पोस्टात नोकरीला होते, आज सकाळी वारले. थोरला म्हणाला, "बाई, सृष्टीताईनं लिहिलं होतं ना, तसं काहीतरी लिहा."

बाईंनी जन्मतारीख विचारली, नोकरीची वर्षं विचारली. वडील फार प्रेमळ होते, असं धाकट्याने सांगितलं. बाईंनी तेच लिहून घेतलं, कामावरून आले की आधी काय करायचे, ते विचारलं नाही.

दफन उद्या सकाळी दहाला आहे. जीवनवृत्तांत थोरला मुलगा सुनील वाचणार आहे.