लासियेमने कोंबड्या वाटल्या

गुनुंगकिदुलच्या चुनखडीच्या डोंगरात सुमार्नी बावीस वर्षं नर्स होती. मनाच्या आजाराची माणसं तिच्याकडे असायची. स्कूटरवरून पाड्यापाड्याला जायची, गोळ्या घेतल्यात का विचारायची, अंगणात बसून उकडलेला कसावा खायची.

एका सकाळी बायकांनी तिला आनंदाने सांगितलं, की लासियेम सावरली. नवरा गेल्यापासून चार महिने ती धड जेवत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती. काल मात्र न्हाऊन, केस विंचरून घरोघर गेली, हसली आणि आपल्या सगळ्या कोंबड्या वाटून आली.

सुमार्नीने हातातला चहा तसाच ठेवला आणि निघाली.

लासियेम ओसरीवर एकटीच होती. घर झाडूनपुसून लख्ख. सुमार्नी शेजारी चटईवर टेकली. वयाने मोठ्या लासियेमला ती ‘यू’ म्हणायची.

“यू, जीव द्यायचं मनात आहे का?”

लासियेमने हळूच विचारलं, “तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. माझ्या भावाने असेच आपले विळे-कोयते मला आणून दिले होते. छान दाढी करून आला होता. मला वाटलं, बरा झाला. जेवू घातलं मी त्याला, पण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो या जगात नव्हता.”

तेव्हा लासियेम रडू लागली. नवऱ्याच्या आजारपणातही ती कुणासमोर रडली नव्हती. सुमार्नीने तिला रडू दिलं. पिकावर मारायचं औषध कुठे आहे ते विचारून घेतलं आणि बाटली शेजारणीकडे दिली. तिला क्षणभरही एकटं न सोडता तिच्या बहिणीला बोलावणं धाडलं.

बहीण आली ती चिडूनच. “असलं विचारून नसतं डोक्यात कशाला भरवता, बू?” नर्सबाईंना गावात सगळे आदराने ‘बू’ म्हणत.

“ते होतंच डोक्यात,” सुमार्नी म्हणाली. “आता ती एकटी नाही त्याच्याबरोबर.”

दुपारी दोघी तिला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. पुढे दोन महिने बहीण लासियेमच्या घरीच राहिली.

लासियेम जगली. पण तिला फार लाज वाटली. आजही बाजारात सुमार्नी दिसली की ती तोंड फिरवते आणि दुसऱ्या गल्लीने जाते. सुमार्नीला ते लागतं. तरी ती हाक मारत नाही. लासियेमच्या टोपलीत भाजी आहे का, तेवढं लांबूनच बघून घेते.