हिकडं बघू नका

"हिकडं बघू नका," मामा म्हणायचे. जगातला प्रत्येक फोटोग्राफर लोकांना इकडे बघा म्हणून सांगतो, आणि हे गृहस्थ कॅमेरा हातात धरून बरोबर उलटे सांगायचे. वर पुस्ती जोडायचे, "माज्याकडं काय हाय बघन्यासारकं? बोला. भात कसा हाय औंदा?" समोरचा भाताबद्दल बोलायला लागला की मामांचे काम झालेले असायचे.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. अख्ख्या मुळशी तालुक्याचेच ते मामा होते. पौडला एसटी स्टँडजवळ त्यांचा स्टुडिओ होता. एक पडदा, पडद्यावर रंगवलेला धबधबा, एक आरसा आणि कोणी पळवू नये म्हणून दोरीने बांधलेला कंगवा. माझे भूगावात रस्त्याला लागून फ्लेक्सचे दुकान. मी मूळचा नगरचा. संगणकावरची कामे करायला पुण्यात आलो आणि मुळशीतल्या जमिनींना भाव आला त्या दिवसांत भूगावात हा धंदा टाकला. चालला असा की विचारू नका. ज्याची जमीन विकली गेली त्याचा वाढदिवस, त्याच्या मुलाचा वाढदिवस, एकदा तर नव्या गाडीचा वाढदिवस. गळ्यातली साखळी स्पष्ट आली पाहिजे, एवढीच गिऱ्हाइकाची अट. चेहरा जरा पुसट आला तरी कोणाची तक्रार नसे.

श्रद्धांजलीचे फ्लेक्स मात्र अवघड. मुठा खोऱ्यातल्या नाहीतर मुळशी धरणामागच्या वाड्यांवरून माणसे यायची. घरातली म्हातारी गेलेली, दहावा तोंडावर आलेला, आणि तिचा फोटो म्हणून हातात काय, तर कुणाच्या तरी लग्नातला घोळका. त्यात मागच्या रांगेत नखाएवढे तोंड. तेही नसले तर मतदान कार्ड. मतदान कार्डावर माणूस कसा दिसतो ते तुम्हाला माहीत आहे, आपलेही आहेच. मी ते तोंड कापून मोठे करायचो आणि मागे निळे आभाळ टाकून द्यायचो. खांद्यावर भलत्याच माणसाचा हात राहून जायचा. एका आजोबांचा आयुष्यातला एकच फोटो होता, शर्यतीच्या बैलाला धरून काढलेला. कितीही कापले तरी कानाजवळ शिंगाचे टोक उरायचेच. मी त्यावर आभाळ फासायला लागलो तर त्यांचा मुलगा म्हणाला, "राहू द्या. बैल त्येंचाच व्हता."

हे लग्नातले घोळके बहुतेक मामांनीच काढलेले. म्हणून गेलेल्या माणसाच्या घरचे आधी त्यांच्याकडे जायचे आणि मग मामा त्यांना मोपेडवर मागे बसवून माझ्याकडे आणायचे. मी तोंड कापत असताना ते शेजारी बसून संगणकाच्या पडद्याकडे बघायचे. एकदा म्हणाले, "भाचे, डोंगरातल्या मानसाला उभ्या जल्मात एकच फोटू लागतो. तो भिंतीवर जातो. नातवंडं त्याच तोंडाला आजी म्हनत्यात. आन् आपन त्यांना काय देतो, तर घाबरल्यालं तोंड." सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून ते सगळ्यांना भाचे म्हणायचे. मला वयाप्रमाणे अरेतुरेही करायचे.

मग रोलचा जमाना संपत आला. रोल धुवून देणारे पुण्यातले एकेक दुकान बंद पडायला लागले आणि मामांना डिजिटल घेणे भाग पडले. एक दुपार काढून आम्ही दोघे पुण्यात गेलो. दुकानदाराने काचेवर दोन कॅमेरे ठेवले. एक डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा, हातात घेतला की मनगट खाली जाईल असा. दुसरा साबणाच्या वडीएवढा, खिशातला. दोन्ही एकदम घेणे मामांना जमणार नव्हते. माझ्या मते यात ठरवण्यासारखे काही नव्हतेच. मी मोठ्या कॅमेऱ्याची बाजू एखाद्या वकिलासारखी लढवली. मांडवातल्या कमी उजेडात हाच चालतो, फोटो कितीही मोठा केला तरी फुटत नाही, आणि पार्टीवर वजन पडते ते वेगळेच.

मामांनी छोटा कॅमेरा शर्टाच्या खिशात टाकला आणि दुकानात एक फेरी मारली. "हाय का न्हाई तेच कळंना," ते खूश होऊन म्हणाले. दुकानदार प्रामाणिक होता. त्याने सांगितले की या छोट्यात एक दोष आहे, बटण दाबल्यावर फोटो लगेच निघत नाही, जरा वेळाने निघतो. "बघू," मामा म्हणाले आणि त्यालाच समोर उभे केले. दुकानदार ताठ झाला. मामांनी बटण दाबले. झाले असे वाटून दुकानदाराने श्वास सोडला आणि माझ्याकडे वळून "ऐकत नाहीत हे," असे म्हणत हसला. तेव्हा कुठे तो कॅमेरा टिक् करून वाजला.

मामांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितले. मग दुकानदाराला दाखवले, मग मला. कोट्यवधी रुपयांचे गिऱ्हाईक आल्यासारखा तो माणूस त्यात हसत होता. "दाबल्यावर मानूस सुटतं," मामा म्हणाले. "तवा ह्यो काढतो. हाच घेतो."

परतीच्या वाटेत चांदणी चौकापर्यंत मी मोपेडवर मागे फुगून बसलो होतो. धंदा बुडवायचा असेल तर चांगला रस्ता आहे, असे शेवटी म्हणालोच. मामा मोपेड चालवता चालवता म्हणाले, "माज्या आईचा फोटू न्हाई माज्याकडं. बहिनीच्या लग्नात मीच काढला. मोठा कॅमेरा बघून तिनं पदर घेतला तोंडावर. फोटू लई चांगला हाय. पदराचा."

धंद्याला धक्का मात्र बसला. भूगावातल्या एका बड्या लग्नात वरबापाने मामांच्या हाताकडे बघून विचारले, "ह्यो कॅमेरा हाय का काड्यापेटी?" आणि ते काम गेले. मामांना वाईट वाटले असेल, पण दाखवतील तर शपथ. पुढे मीच दुकानासाठी डीएसएलआर घेतला आणि आम्ही लग्ने जोडीने घ्यायला लागलो. मी स्टेजवर नवरानवरीसमोर, गळ्यात मोठा कॅमेरा अडकवून. मामा मागे पंगतीत, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या शेजारी मांडी घालून, बुंदी खात. वरबाप माझ्याकडे बघून समाधानी असायचा.

भांडण काही मिटले नाही. माझ्या फोटोत पापणीचा केस मोजता येतो, असे मी म्हणायचो. "मोजायला लावतुयास व्हय लोकान्ला?" असे मामा विचारायचे. संध्याकाळच्या मांडवात त्यांचे निम्मे फोटो हललेले यायचे, हे मी पुराव्यानिशी दाखवायचो. "हलला न्हाई त्यो, नाचतुया," असे म्हणून मामा पुढचा फोटो लावायचे. त्यांचे चुकले असे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही आणि माझ्या तोंडून त्यांनी.

एकदा एका वाडीवर आम्ही दोघेही गेलो होतो. अंगणात एक आजी नाचणी पाखडत बसली होती. मी मोठा कॅमेरा काढला तशी ती सूप ठेवून आत गेली, इरकली लुगडे नेसून आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. माझा फोटो झकास आला, पण त्यातल्या बाईला काही विचारायची सोय नव्हती, इतकी ती ताठ. मग मामा तिच्या पायरीवर टेकले. कॅमेरा गुडघ्यावर. "दाबला बगा, झाला फोटू, आता श्वास सोडा," असे म्हणून तिच्या कोंबड्यांची चौकशी करायला लागले. आजीने कोंबड्यांना एक सणसणीत शिवी हासडली आणि स्वतःच हसली. टिक् झाले. पुढे ती गेल्यावर घरच्यांनी तोच फोटो लावला. शिवीसकट, असे मामा अभिमानाने सांगायचे.

एका दुपारी मी त्यांनाच माझ्या दुकानात मोठ्या कॅमेऱ्यापुढे बसवले. सगळ्या मुळशीला सैल सोडणारा हा माणूस. त्याने कंगवा ओला करून भांग पाडला, गळ्याचे बटण लावले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि लेन्सकडे डोळे लावून बसला. "मामा, इकडे बघू नका," मी म्हणालो.

"मग कुटं बघू?" ते ओठ न हलवता म्हणाले.

फोटो निघाला. लई झकास, असे म्हणून त्यांनी तो दुसऱ्यांदा काही बघितला नाही.

दोनेक वर्षांनी, ऐन लग्नसराईत, छातीत दुखायचे निमित्त झाले आणि मामा गेले. माझ्यासारख्या परगावाहून आलेल्या माणसाला इथे आपले म्हणावे असे एकच घर होते. त्या दिवशी मी दुकान उघडले नाही.

दहाव्याच्या आधी मामी आणि मामांचे धाकटे भाऊ दुकानात आले. मी माझा फोटो उघडला. गळ्याचे बटण, भांग, पापणीचा केस न् केस. भाऊ म्हणाले, "हाच घ्या. दादा सायबावानी दिसतोय." मामी पडद्याशी वाकल्या. मग म्हणाल्या, "ह्यो कोन? ह्यो तर मतदान कार्डावला." आणि त्यांनी कनवटीला खोचलेला तो छोटा कॅमेरा काढून माझ्यापुढे ठेवला.

त्यात वाड्यावाड्यांवरची म्हातारी माणसे होती, एकेक बोलता बोलता धरलेली. शेवटी मामा. कॅमेरा स्वतःच हात लांब करून धरलेला. फोटो तिरका, जवळून काढल्यामुळे नाक भलते मोठे, आणि खालच्या कोपऱ्यातून लांबवलेला हात सरळ आपल्या अंगावर आलेला. बघताहेत भलतीकडेच, तोंड उघडे, डोळ्यांत हसू.

"कुणाशी बोलताहेत?" मी विचारले.

"माज्याशी," मामी म्हणाल्या. "च्यात साखर न्हाई म्हनत व्हते. व्हती साखर."

भाऊ काही पटवून घेईनात. "मयताच्या बोर्डावर असा फोटू बरा दिसतो का?" त्यांनी मला विचारले. "तुमीच सांगा, तुमी त्यातलं जानकार."

जाणकार म्हणून सांगायचे तर माझाच फोटो सरस होता, आजही आहे. पण भिंतीवर जाणार होता तो माणूस, फोटो नव्हे. मामींना उरलेली सगळी वर्षे त्या तोंडाकडे बघायचे होते. मी माझा फोटो बंद केला. "हाच," मी म्हणालो. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी पडद्याकडे तोंड करून कामाला लागलो. आभाळ टाकले. मग सवयीप्रमाणे तो लांबवलेला हात कापायला घेतला.

"राहू द्या," मामी मागून म्हणाल्या. "हात त्येंचाच हाय."

तो फ्लेक्स पौडच्या स्टँडवर लागला आणि आठवड्याच्या आत त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढला. मामा असते तर त्यांनी साखळी केवढी मोठी तेवढे बघितले असते. मी त्याच फोटोची एक प्रत काढून दुकानात लावली आहे, मोठ्या कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. माणसे फोटोला बसली की अजूनही ताठ होतात. मी म्हणतो, इकडे बघू नका, तिकडे बघा. ती मान वळवतात. भिंतीवरून एक मोठ्या नाकाचा माणूस त्यांच्याकडे हात लांबवून हसत असतो.

"हे कोन?" असे विचारताना तीही थोडी हसतात. मी तेव्हा बटण दाबतो.