वाचून दाखवलेल्या प्रतिक्रिया

सुरतच्या लिंबायतमध्ये आमच्या समाजाची सभा महिन्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी भरते. बोलणाऱ्याने उभे राहून आधी स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव सांगायचे. मग मुद्द्याला हात घालायचा. खानदेशातून इथे कापडाच्या लूमवर कामाला आलेल्या पहिल्या पिढीने हा नियम घालून दिला. गाव सांगितले की माणूस जपून बोलतो. समाजाच्या फेसबुक पानावर असा कोणताही नियम नाही.

माझी पुतणी विधवा. साड्यांना लेस लावून तिने मुलीला आठवीपर्यंत आणले. सुरतेजवळच्या कडोदऱ्यातल्या एका विधुर कारागिराशी तिचे लग्न ठरले. ते गुपचूप उरकावे, असे तिचे म्हणणे होते. चोरी केलेली नाही, मग लपायचे कशाला, असे मी तिला सुनावले. लग्न समाजाच्या हॉलमध्ये, चारचौघांसमोर होईल, अशी तिला माझ्यामुळे आशा वाटू लागली. साखरपुड्यातला, दोघांनी हार घातलेला फोटो आणि चार ओळींचे निवेदन मी पानावर द्यायला लावले.

पहिली प्रतिक्रिया होती, "भावपूर्ण श्रद्धांजली." हार दिसला, मजकूर कोणी वाचला नाही. त्याखाली आणखी सहा जणांनी तेच लिहून हात जोडले. ज्यांनी वाचले, त्यांच्यापेक्षा हे मूर्ख बरे.

"पहिल्याले खाई टाकं, आते दुसराना नंबर."

"मशीन बंद रखो तो जंग लगता है."

"पोरना लगीनना टाइमले मायले हळद!"

प्रत्येक वाक्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. उकिरड्यावर निदान कचरा टाकणारा माणूस इकडेतिकडे पाहतो. इथे फोटो, आडनाव, स्वतःच्या मुलांची चित्रे लावून घाण टाकलेली होती.

'खाई टाकं' लिहिणारा माझ्या ओळखीचा निघाला. कडक इस्त्रीचे कपडे, रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार. मी त्याच्या घरी गेलो. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला.

"हे तू लिहिलेस?"

"आप्पा, फेसबुकनं काय मनवर लेतस? टाइमपास शे तो."

"तिच्या तोंडावर म्हणशील?"

"राम राम! तोंडवर कोन म्हनस?"

ते काढून टाकतो, असे तो म्हणाला. चहा न घेता मी उठलो. त्याने काढले नाही. उलट संध्याकाळपर्यंत त्याखाली आणखी हसणारे जमले.

पुढच्या सभेत मी उभा राहिलो. नाव, वडिलांचे नाव, गाव सांगितले, आणि एकेक प्रतिक्रिया वाचून दाखवली. लिहिणाऱ्याचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव, त्याचे गाव यांसह. पुतणी मुलीला घेऊन स्त्रियांच्या बाजूला बसलेली मला दिसत होती. तिला न्याय मिळत आहे, अशी माझी समजूत होती. मशीनचे वाक्य आले तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटले आणि पुढे सरकत आले. मी वाचत राहिलो. नंतर हसू थांबले, माना खाली गेल्या. कोणी क्षमा मागितली नाही. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला, पाण्याच्या टाकीचा.

बाहेर ती माझी वाट पाहत थांबली होती. मुलगी तिच्या पाठीमागे, माझ्याकडे न बघता.

"आप्पा, ते काबरं वाचं तुम्ही? मी ते तिले दखू दिधं नव्हतं. आज तिनी सगळं आयकं. तुमना तोंडतून."

लिहिणाऱ्यांना लाज नव्हती. मला अक्कल नव्हती. त्यांनी ती घाण पडद्यावर ठेवली होती. माणसाच्या आवाजात ती प्रथम मी उच्चारली, आणि तीही आठवीतल्या मुलीसमोर.

हॉल रद्द झाला. लग्न कडोदऱ्यात, नवऱ्या मुलाच्या घरी, दहाबारा माणसांत लागले. आदल्या दिवशी तिचा फोन आला होता.

"या आप्पा. पन तठे काही बोलू नका."

अक्षता पडल्यावर वरपक्षाने आग्रह धरला : मुलीकडच्या ज्येष्ठांनी दोन शब्द बोलावेत. सगळे माझ्याकडे वळले. तीही पाहत होती. मी हात जोडले आणि जागेवरच बसून राहिलो.

तिने मान वळवली आणि मुलीला पंगतीत ताटे मांडायला सांगितले.