लिन काकूंच्या आईचं गाणं

दीड महिन्यापूर्वी, शनिवारी सकाळी लिन काकूंच्या मुलाचा, डेव्हिडचा फोन आला. "मॉम गेली… झोपेतच." शेजारच्या लिन काकू गेल्या. मी रडले, पण डोळे पुसताना छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटलं. त्या मोकळ्या होऊन गेल्या, हे मला माहीत होतं.

इथे अमेरिकेत, पार्सिपनीत आम्ही घर घेतलं तेव्हा त्या एकट्याच राहत. आईच्या वयाच्या, म्हणून मी काकू म्हणू लागले. त्यांनाही ते आवडलं. वाफ्यात मुळा लावताना त्या काहीतरी गुणगुणायच्या. एकदा कान देऊन ऐकलं तर पाचच सूर, थेट आपला भूप! मी आरोह गाऊन दाखवला. खुरपं हातात तसंच धरून त्या म्हणाल्या, "हे माझी आई गायची."

मग थोडं थोडं कळत गेलं. त्यांची आई शांघायच्या एका नाचघरात गायची. मागे सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, अमेरिकन जॅझचा ठेका. आणि त्यावर जुन्या चिनी वळणाची चाल, माइकच्या अगदी जवळ जाऊन बारीक, लाडिक आवाजात म्हटलेली. शब्द प्रेमाचे, विरहाचे. अख्खं शहर त्या गाण्यांवर भाळलं होतं. पुढे राज्य बदललं आणि त्याच गाण्यांना 'पिवळी' म्हणू लागले. पिवळी म्हणजे चवचाल. शाळेत बाईंनी विचारलं, असल्या गाण्यांच्या तबकड्या कुणाच्या घरी आहेत? बारा वर्षांच्या लिन काकूंनी आईच्या गाण्यांच्या तबकड्या स्वतः आणून दिल्या. वर्गासमोर त्या फोडल्या गेल्या. काकू म्हणाल्या, "आई परत कधी गायली नाही."

हे त्यांनी मुलालाही सांगितलं नव्हतं.

त्यांना विचारून मी माझ्या रेवाच्या कानावर घातलं. ती स्टेट कॉलेजला शिकते. "आई, जुनी रेकॉर्ड्स लायब्रऱ्यांनी डिजिटाइज केलीयत. जस्ट गेट मी द नेम." काकूंनी महिनाभर टाळलं. "मीच दिल्या ना त्या फोडायला… आता कुठल्या तोंडाने ऐकू?" शेवटी किराण्याच्या यादीमागे आईचं नाव लिहून दिलं. काही आठवड्यांनी रेवाला एक गाणं सापडलं. एकच, जेमतेम तीन मिनिटांचं.

रविवारी दुपारी त्यांच्या किचनमध्ये लॅपटॉप ठेवला. डेव्हिडला काकूंनीच बोलावलं आणि आधी सगळं सांगितलं. खरखर, मग क्लॅरिनेट, मग तो आवाज. त्या टेबलाची कड घट्ट धरून बसल्या होत्या. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "मला वाटायचं, मी तिला पुरतंच पुसून टाकलं."

"मॉम, यू वेअर ट्वेल्व्ह," डेव्हिड म्हणाला. त्या हसल्या, रडल्याही. पुढचे आठ महिने खिडक्या उघड्या टाकून त्या मोठ्याने गायच्या.

परवा डेव्हिड घर आवरायला आला होता. बराच वेळ ड्राइव्हवेतच, गाडी सुरू ठेवून बसलेला दिसला, म्हणून मी बाहेर गेले. त्याने काच खाली केली. आतून तेच गाणं, तोच बारीक आवाज. माझ्याकडे पाहून त्याने बोट ओठांवर ठेवलं आणि हळूच म्हणाला, "वन मिनिट. लेट हर फिनिश."