भंडारदरा, दोन दिवस आणि चार घड्यांची गोधडी

दिवाळीच्या सुट्टीत मी याच ब्लॉगवर एक लेख टाकला होता. विषय होता, साडेतीन हजारांची सीट की घरची गोधडी. लहान मुलांना गाडीत जरा उंच बसवायला जी बूस्टर सीट मिळते, ते सगळे शहरातल्या लोकांचे नखरे आहेत, असं मी त्यात तोंड वर करून लिहिलं होतं. गोधडीच्या चार घड्या करा, लेकरू वर बसवा, पट्टा लावा, झालं काम! लोकांना लेख भलताच आवडला. जामखेडच्या एका वाचकाने खाली लिहिलं, "दादा, तुमचं वाचून मागवलेली सीट रद्द केली. मुलगा पाच वर्षांचा आहे. धन्यवाद." मी त्याला खुशीत लाईकचा अंगठा दिला होता. आजचा लेख भंडारदऱ्याच्या सहलीचा आहे, पण खरं सांगायचं तर तो त्या जामखेडच्या भावासाठी लिहितोय.

नवीन वाचकांसाठी थोडं घरचं. आम्ही देवळाली प्रवऱ्याचे. माझं शेती औषधांचं दुकान आहे, बायको वैशाली शिक्षिका, मुलगी ओवी सहा वर्षांची. गाडी घेऊन आठ महिने झाले, तरी तिच्या सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक मी काढलं नव्हतं. सीट खराब होतात ना! हसा खुशाल, पण आमच्याकडे निम्म्या गाड्या अशाच फिरतात. हे प्लास्टिक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

थंडीत भंडारदरा बघायचा असं कधीचं चाललं होतं. शनिवारी सकाळी सात वाजता निघालो. वैशालीने शेवटचा प्रयत्न करून बघितला. "अहो, ती सीट घेऊन मग गेलो असतो. ओवीला पट्टा गळ्याला येतो." मी म्हटलं, "तेवढ्या पैशात आपला मुक्काम आणि जेवण निघतं." आईची जुनी गोधडी मागच्या सीटवर टाकली, ओवीला वर बसवलं. पट्ट्याची तिरकी बाजू तिच्या गळ्याला घासत होती, म्हणून ती मीच पाठीमागून घेतली. आता फक्त पोटावरचा पट्टा उरला. पोरगी खूश, खिडकीतून सगळं दिसत होतं. माझी अक्कल किती चालते म्हणून मीही खूश.

रस्त्याचं सांगतो. कोल्हारपर्यंत हायवेवर खड्डे चुकवत जावं लागतं. तिथून लोणी आणि पुढे संगमनेर. कारखाने चालू असल्यामुळे रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रेलर. घाई करू नका. संगमनेरला मिसळ खाल्ली, तिघांचे अडीचशे झाले. अकोल्यानंतर मात्र डोळे निवतात. डोंगर जवळ येतात, भाताची कापलेली खाचरं लागतात, राजूरनंतर हवाच बदलते. थांबत थांबत गेलात तर चार तास धरा.

धरणाजवळ एका घरात उतरलो. खोली स्वच्छ, अंघोळीला बंबाचं गरम पाणी, भाडं दोन हजार. जेवण वेगळं. गावठी तांदळाचा भात, हुलग्याचं पिठलं, नाचणीची भाकर आणि वर लाल ठेचा. ओवीने दोन भाकरी खाल्ल्या, घरी अर्धीसुद्धा खात नाही. दुपारी होडीतून फिरलो. पाणी इतकं थंड होतं, की तिने बोट बुडवलं आणि किंचाळली. मग दर दोन मिनिटांनी पुन्हा बुडवायची आणि पुन्हा किंचाळायची. होडीवाला म्हणाला, "वरडून समदे मासे पळवंल पोरगी!"

रविवारी सकाळी रतनवाडीचं देऊळ बघायचं होतं. तिकडचा रस्ता खराब आहे, गाडीचा तळ घासेल म्हणून मी आपली गाडी ठेवून जीप ठरवली. माझी गाडी मला फार जपावीशी वाटते, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. जीपवाले किसनभाऊ, पन्नाशीचे. आमची पिशवी काढताना त्यांनी आमच्या गाडीत डोकावून बघितलं.

"ही गोधडी कशाला वो?"

"पोरीला बसायला. उंची येते." मी जरा ऐटीतच सांगितलं.

किसनभाऊंनी हाताने गोधडी ढकलून बघितली. ती प्लास्टिकवरून सर्रकन पुढे गेली. "हे तर सरकतंय, सायेब."

"काही होत नाही हो, पट्टा असतो."

"आमच्या जीपला पट्टा न्हाई, म्हणून आमी लेकरं मधी दाबून बसवतो आन् जीप हळू चालवतो. तुमच्यात समदं हाय. मंग नीट करा की." त्यांनी ओवीला जीपमध्ये वैशाली आणि माझ्या मधोमध बसवलं आणि खरंच बैलगाडीच्या चालीने जीप नेली. देऊळ अप्रतिम आहे, दगडातलं कोरीव काम बघत तासभर कसा गेला कळलं नाही. पण मी वैशालीच्या कानात काय म्हणालो, तेही लिहितो. म्हणालो, "ज्याच्या जीपला पट्टा नाही, तो मला शिकवतोय."

दुपारी परत निघालो. अकोल्याला चहा घेतला आणि संगमनेरच्या रस्त्याला लागलो. उन्हं अजून चांगली होती. पुढे एक टेम्पो रेंगाळत होता, मी त्याला ओलांडायला वेग वाढवला. टेम्पोच्या पुढे गेलो आणि समोर उसाचा ट्रॅक्टर, डावीकडे शेताच्या वाटेला वळायला जवळजवळ थांबलेला. त्याची काही चूक नव्हती. घाई माझी होती. मी ब्रेकवर उभाच राहिलो.

गाडी ट्रेलरपासून हातभर अंतरावर थांबली. आपटली नाही. क्षणभर वाटलं, वाचलो. मग वैशाली ओरडली, "ओवी!"

गोधडी प्लास्टिकवरून घसरून खाली गेली होती आणि तिच्याबरोबर ओवीही. पट्टा तिच्या पोटावरून वर सरकून बरगड्यांखाली रुतला होता. पाय खाली मुडपलेले, हनुवटी छातीवर. तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. मी मागे वळून पट्ट्याचं बटण दाबत होतो, पण ते दाबलं जाईना. शेवटी वैशालीनेच ते काढलं. मग ओवी रडली. पोरीच्या रडण्याने इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

संगमनेरच्या एका दवाखान्यात नेलं. तिच्या पोटावर लाल पट्टा उमटला होता, हात लावला की कळवळायची. डॉक्टर बाई शांत होत्या. पोट दाबून बघितलं, सोनोग्राफी करायला सांगितली आणि विचारलं, "गाडीत कशावर बसली होती?"

मी तोंड उघडायच्या आत ओवी म्हणाली, "आजीच्या गोधडीवर. पप्पांनी नीट बसवलं होतं. मीच हलले."

इथे मी बोलायला पाहिजे होतं. म्हणायला पाहिजे होतं, नाही डॉक्टर, ती हलली नाही. पट्टा मी मागून घेतला, गोधडी मी टाकली, एका माणसाने सकाळीच सरकवून दाखवली होती तरी मी ऐकलं नाही. पण मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिलो. सहा वर्षांची पोर माझी चूक स्वतःच्या अंगावर घेत होती आणि मी घेऊ दिली. वैशालीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती ओवीचे केस सारखे करू लागली.

सोनोग्राफीत काही निघालं नाही. तीन तास थांबवून घेतलं, मग सोडलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की पट्टा मांड्यांवर आणि खांद्यावर बसला पाहिजे, पोटावर आणि गळ्यावर नाही, आणि एवढ्या मुलांना तो तसा बसायला खालून घट्ट उंची लागते. "मऊ काही चालत नाही, ते दबतं, सरकतं. पट्टा पाठीमागे तर कधीच घालायचा नाही. आज नशीब चांगलं होतं तुमचं." मी हो हो म्हणत मान हलवली. दुकानात मी स्वतः शेतकऱ्यांना दिवसभर ओरडत असतो, औषध मापाने घाला, अंदाजाने ओतू नका. स्वतःची पोरगी मात्र अंदाजाने बसवली होती.

घरी वैशाली माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. सोमवारी मी गाडीतलं सगळं प्लास्टिक फाडून काढलं. बुधवारी सीट आली, तीन हजार चारशेला. ओवीला बसवलं. पट्टा बरोब्बर खांद्यावर आणि मांड्यांवर आला. परवडते का, परवडते का, म्हणून एवढा मोठा लेख मी लिहिला होता आणि इथे दोन मिनिटांत विषय संपला होता. जुना लेख मी पुसलेला नाही, पुसला तर लपवल्यासारखं होईल. त्याच्या वर ठळक अक्षरांत लिहिलंय, की हे ऐकू नका. जामखेडच्या भावाला निरोप धाडलाय. अजून त्याने वाचलेला नाही, मी रोज उघडून बघतो.

मला वाटलं होतं, इथेच हा लेख संपेल. पण काल संध्याकाळी ओवी शेजारच्या अन्वीला गाडीतली नवी सीट दाखवत होती. मी दुकानातून नुकताच आलो होतो, पायरीवर बसून बूट काढत होतो. अन्वीने विचारलं, "तुला का आणली?"

"मी गाडीत नीट बसत नाही ना," ओवी म्हणाली, "मी हलले आणि घसरले. म्हणून पप्पांना पैसे द्यायला लागले."

एका पायात बूट तसाच ठेवून मी गाडीपाशी गेलो. दोघींच्या समोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "ओवी, तू हलली नव्हतीस. तू अगदी नीट बसली होतीस. पप्पांनी चुकीचं बसवलं होतं."

तिने हळूच विचारलं, "मग दवाखान्यात का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "लाज वाटली म्हणून."