जोडीतला मंगेश

मंगेश गेला तेव्हा मी धंतोलीतल्या दवाखान्याच्या तळमजल्यावर, औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभी होते. हातात डॉक्टरांची चिठ्ठी आणि पायात त्याचीच चप्पल, कारण सकाळी घाईत माझी सापडली नव्हती. स्पीकरवरून "मंगेश यांचे नातेवाईक" असा पुकारा झाला. मागच्या बाईला मी म्हटलं, "माझा नंबर धरा, आलेच." वर गेले तर डॉक्टर हात मागे बांधून उभे होते... तिशी नुकती ओलांडलेला, पाण्यात वाढलेला, धडधाकट माणूस. डेंग्यूचा ताप आला आणि आठवडा पुरा व्हायच्या आत सगळं संपलं. त्या बाईनं माझा नंबर धरला होता की नाही, ते मला कळलंच नाही.

आता दीडेक महिना होईल. भेटायला येणारी माणसं चहाचा कप खाली ठेवतात आणि बहुतेक एकच वाक्य बोलतात, "तुमची जोडी म्हणजे काय सांगू..." पेपरात फोटो आला तोही जोडीचाच, दोघांच्या अंगावर चमचमते पोशाख आणि चेहऱ्यावर रंगवलेलं हसू. मला या शब्दाचा वीट आलाय. ज्यांना मंगेशचा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तो कलात्मक जलतरण करायचा. म्हणजे संगीताच्या तालावर खोल पाण्यात, तळाला पाय न टेकता केलेली कवायत. कधी डोकं खाली पाय वर, कधी कंबरेपर्यंत बाहेर, आणि वर सतत हसरा चेहरा. जगभर हा बायकांचा खेळ मानला गेला. पुरुषांना आत यायला दार उघडलं तेही एकच, मिश्र जोडीचं. एक बाई, एक पुरुष. बाई नसेल तर पुरुषाला काठावर बसावं लागे. मंगेशच्या जोडीतली बाई मी. बायको मी नंतर झाले.

त्याचं गाव पारशिवनीजवळ, शेती अजून काकांकडे आहे. वडील कोराडीच्या वीज केंद्रात कामाला, त्यामुळे तो वाढला वसाहतीत आणि पोहायला शिकला तिथल्याच तलावात. सकाळी पाण्यावर राखेची साय आलेली असायची, ती हातानं सारून पोरं उड्या मारायची. बाकीची शर्यती लावत, हा उलटा होऊन पाय आकाशाकडे ताठ धरायचा. पुढे मोबाइलवर परदेशी मुलींचे व्हिडिओ बघून बघून एकेक हालचाल शिकला. गावी गेला की काका ओट्यावरूनच विचारायचे, "काय गा, अजून नाचूनच राह्यला का पाण्यात?" तो म्हणायचा, "हो ना काका, जमिनीवर जमत नाही." चिडणं त्याला माहीतच नव्हतं. चिडायचं सगळं काम लग्नानंतर माझ्याकडे आलं.

मी नागपूरची, कॉलेजच्या संघातून शर्यती पोहायचे आणि बहुतेक हरायचे. अशीच एक हरून झाल्यावर पाण्यावर उताणी पडून होते, हातपाय न हलवता. काठावरून एक मुलगा ओरडला, "तुम्ही बुडत काहून नाही?" मला वाटलं टिंगल करतोय. पण तो अगदी गंभीर होता. असं पडून राहता येणारी मुलगी तो वर्षभर शोधत होता म्हणे. गंमत म्हणून मी हो म्हटलं. महापालिकेच्या तलावात, तब्येतीसाठी पोहणाऱ्या काका लोकांच्या बॅचनंतर आमचा सराव सुरू झाला. काही महिन्यांनी कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून माझ्या बाबांना दाखवला, आणि त्यात मंगेशनं माझी कंबर धरलेली होती.

बाबा सरकारी कचेरीतले कारकून. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी चॅनल बदलणारे. त्यांनी मंगेशला घरी बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, आईनं पोहे केले. बशी त्याच्या हातात जायच्या आत बाबांनी विचारलं, "तुला माझ्या मुलीशी लग्न करायचंय की पोहायचंय?" मंगेशनं विचार केला. खरंच केला, मी दारातून बघत होते. मग म्हणाला, "दोन्ही एकच हाय ना, काका." बाबांना ते उत्तर पटलं, का ते देव जाणे. मला हसू फुटलं. हसत हसतच मी पोह्यांवर लिंबू पिळलं आणि माझं लग्न ठरलं. आम्ही पोहता यावं म्हणून लग्न केलं, हे असं सरळ लिहिताना अवघडल्यासारखं होतं, पण दुसरं कसं लिहू? तो मला आवडत होता, हेही खरं. मात्र त्याच्या त्या उत्तरात मी पुढे कितीतरी वर्षं अडकून पडले. याला मी हवी होते, की जोडीतली बाई?

घरात मी त्याला 'अहो' म्हणायचे आणि पाण्यात 'मंगेश'. पाण्याखाली ताल ऐकू यावा म्हणून या खेळात काठावरून लोखंडी शिडीवर ठोके देतात. ते काम सासूबाईंनी घेतलं. नऊवारीचा ओचा सावरून त्या शिडीपाशी बसायच्या आणि स्टीलच्या पळीनं ठोके द्यायच्या. आमची चूक झाली की ठोका असा बसायचा की पाण्याखाली कान बधिर व्हावेत. आमच्या पोशाखांवरच्या टिकल्याही त्यांनीच शिवल्या. लोक काय म्हणतात याची त्यांना फिकीर नव्हती, मात्र स्वयंपाकघराच्या बाबतीत त्या कडक. केस जागचे हलू नयेत म्हणून आम्ही डोक्याला जिलेटिनचा लेप देतो. ते हाडांपासून करतात असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. झालं! "माया चुलीवर हाडं शिजणार नाहीत," म्हणाल्या, आणि त्यांनी जवस उकळून दाट, बुळबुळीत चीक काढला, बाटलीत भरून दिला. आरशासमोर केस असे चापूनचोपून बसले की आम्ही दोघंही खूश.

ती बाटली घेऊन आम्ही थायलंडला गेलो, आमच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला. पाण्यात भिजल्यावर त्या चिकाचं काय होतं, हे घरी कुणी बघितलंच नव्हतं. पहिल्याच बुडीत तो सुटला, डोळ्यांत उतरला, नाकावरची चिमटी घसरली. मी मंगेशचा हात धरायला गेले तर तो सुळकन निसटला. परीक्षकांकडे बघून मी हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. आम्ही शेवटचे आलो. बाहेर आल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि हा माझ्या कपाळावरचा ओघळ पुसत, पोट धरून हसतोय. "आईले सांगू नको वं," म्हणाला, "तिले वाईट वाटन." घरी फोन करून त्यानं सांगितलं की केस एकदम मस्त बसले होते. त्या दिवशी मला तो फार, फार आवडला. हे मुद्दाम लिहून ठेवते, पुढचं वाचताना कुणी विसरू नये.

कारण पुढे सगळं आवळत गेलं. जोडीतल्या बाईला आजारी पडता येत नाही, माहेरी रमता येत नाही, वजन वाढवता येत नाही. मला कणकण आली की तो लगेच कपाळावर हात ठेवायचा. तो हात बायकोचा ताप बघत होता की जोडीदाराचा, हे मी डोळे मिटून ओळखायचा प्रयत्न करायचे. मला मूल हवं होतं. 'नाही' असं तो कधीच म्हणाला नाही, "पुढच्या स्पर्धेनंतर" म्हणायचा, आणि प्रत्येक स्पर्धेला पुढची स्पर्धा असायचीच. मंगळागौरीला, बारशाला बायका माझ्या पोटाकडे बघायच्या आणि मी श्वास आत ओढून उभी राहायचे, जसं पाण्यात उतरण्याआधी. मला राग यायचा. अजूनही येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण जो जिवंत असताना माझ्या रागाला हसायचा, त्याच्यावर आता तरी मनसोक्त रागवू दे.

एका संध्याकाळी मी सांगून टाकलं, "मी उद्यापासून येणार नाही." तो तलावाच्या पायरीवर बसला होता, अंगात कोरडे कपडे. मग म्हणाला, "तू म्हणशीन तं सोडून देतो... पण मंग मी करू काय?" भांडला असता तर बरं झालं असतं, भांडायला माझ्याकडे खूप होतं. तो तर मलाच विचारत होता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तोही माझ्यासारखाच कोंडलेला आहे. आयुष्यभराची मेहनत एका बाईच्या हो-नाहीवर टांगलेली, आणि तिच्यावर आवाज चढवायचीही सोय नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपी चढवून पुन्हा त्याच पाण्यात उतरले.

मग एकदा दुपारी जेवताना त्याच्या फोनवर बातमी आली. नियम बदलले होते, पुरुषांनाही आता एकट्यानं उतरता येणार होतं. त्यानं ती मोठ्यानं वाचली, फोन उपडा ठेवला आणि वरणभात कालवत म्हणाला, "घे, सुटली तू." मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि ओट्याला टेकून रडले. आनंदानं रडले की भीतीनं, ते मलाच सांगता येईना. इतकी वर्षं सुटायचं होतं, आणि सुटल्यावर पहिला विचार आला तो हा, की आता याला माझं काय काम? मी शाळेत नोकरी धरली. तो एकटा सराव करू लागला, आई, म्हणजे सासूबाई, पळी घेऊन जातच होत्या. "आता पोराचं पाहू," असंही म्हणाला, "एवढी स्पर्धा झाली की..."

ती स्पर्धा कझाकस्तानात होती. मी आणि आई स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला फोन टेकवून बघत होतो. मंगेश एकटा चालत आला, नमस्कार केला, पाण्यात शिरला. आई सवयीनं मांडीवर ठोके देत होत्या. मध्येच त्यांचा हात थांबला. "हे तं तुयं हाय वं," त्या म्हणाल्या. मी वाकून बघितलं. जोडीत बऱ्याच हालचाली दोघांना सारख्या असतात, पण काही जागी बाईचं वेगळं, पुरुषाचं वेगळं. जिथे जिथे वेगळं होतं तिथे त्यानं स्वतःचं टाकून माझं घेतलं होतं. पाण्यातून वर येताना माझी मान आधी डावीकडे वळते आणि मग समोर येते, ही माझी खोड. तिच्यावरून त्यानं मला इतकं टोकलं होतं की विचारू नका. तीसुद्धा त्यानं तशीच घेतली होती. परीक्षकांनी गुण कापले असणार, खालून मोजायला सोपा जाईल असाच त्याचा नंबर आला.

तो परत आला तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आत मी विचारलं, "माझं का घेतलंत?" "काहून, तुया नावावर हाय का ते?" असं म्हणून तो मोजे काढत हसला. मला विचारायचं होतं ते हे नव्हतं. पण तो दमला होता, म्हटलं उद्या विचारू. मग दिराचं लग्न निघालं, मग शाळा सुरू झाली, मग ताप आला. दवाखान्यात तरी विचारलं का? तिथे मी फक्त प्लेटलेटचे आकडे विचारत होते. आई म्हणतात, "अजून काय सांगाचं होतं वं त्यानं? सगळ्या दुनियेपुढं करून तं दाखवलं." त्यांचं खरं असेल. पण माझं मन वाकडं आहे. ते म्हणतं, इतकी वर्षं रोज बघून बघून त्याच्या अंगात भिनलं असेल, म्हणून केलं असेल. दोन्हीपैकी काय, ते आता मला कोण सांगणार?

संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला मी गच्चीवर जाते. तिथे टाकीजवळ तो कोरडा सराव करायचा. पाण्याबाहेर सगळी कवायत हातांनीच करून बघायची, पायांची कामंही हातांनीच, असा आमच्यात रिवाज आहे. परवा मी फोनवर आमच्या जोडीचं संगीत लावलं. माझा भाग झोपेतही येतो, म्हणून मी त्याचा करून बघायचं ठरवलं, त्यानं माझा केला तसा. सुरुवात जमली. मग संगीत चढतं ती जागा आली. तिथे तो खाली जायचा आणि मला पाण्याबाहेर उचलायचा. मी वर, हात पसरून, परीक्षकांकडे बघून हसत. त्या वेळी तो खाली काय करत होता, भार कुठे घेत होता, दम कसा धरत होता, मला माहीत नाही. मी एकदाही खाली बघितलं नाही, खाली बघितलं की गुण जातात. व्हिडिओत पाहिलं, तिथेही मीच दिसते आणि माझ्याखाली नुसता फेस. संगीत पुढे सरकत होतं आणि मी हात अर्धे उचलून टाकीपाशी उभी होते. तो वर आला की पुढचं मला येतं.