गजावरचा लाल दोरा

आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, एक नियम होता. ते बंदूक भरायला बसले की घरात कुणी तोंड उघडायचं नाही. ईट गावाजवळच्या आमच्या वस्तीवर ज्वारी हुरड्याला आली की रानडुकरं उतरतात. त्यांना हुसकावायला परवान्याची जुनी ठासणीची बंदूक आहे. गोळी नसतेच. नळीत दारू ओतायची, वर चिंध्या घालायच्या, गजानं ठासायच्या आणि हवेत बार काढायचा. कधी दारू सर्दावते, कधी घोड्याखालची ठिणगीची टोपी नुसतीच वाजते आणि बार निघत नाही. मग अण्णांचा पारा चढतो आणि नियम आणखी कडक होतो.

मला हे सगळं नाटक वाटायचं. अंगणात एक माणूस चिंध्या कोंबतोय आणि आम्ही मौन धरून बसलोय! आई समोर सूप घेऊन तूर निवडत बसायची, पाखडायचीसुद्धा नाही.

मागच्या हिवाळ्यात मी धाराशिवहून सुट्टीला गेले होते. अण्णांनी दारू आणि चिंध्या ठासल्या, तेवढ्यात फोन वाजला. विहिरीवरची मोटार जळाली होती. मेकॅनिकशी कडाकडा भांडून ते परत आले आणि त्याच रागात पुन्हा दारू ओतून ठासू लागले. मी समोरच होते. मला काहीही चुकल्याचं दिसलं नाही.

"अवं, थांबा," आई म्हणाली.

ती पहिल्यांदाच मधे बोलली होती. अण्णा गरजले, "भरताना बोलू नको म्हणलं व्हतं न्हाय?"

"बोलणार. दोरा बघा. लई वर हाय."

गजावर एक लाल दोरा बांधलेला आहे. बंदूक भरली की तो बरोबर नळीच्या तोंडाशी येतो. आज तो चार बोटं वर होता, म्हणजे आत दोन बार होते. अशानं जुनी नळी फाटते. पलीकडच्या वस्तीवरच्या काकांची बोटं तशीच गेली, आणि अण्णा तर बंदुकीला गाल टेकवून बार काढतात.

अण्णा दोऱ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी नळीत पाणी ओतलं आणि गजाला आकडा लावून चिंध्या ओढल्या. एक बोळा निघाला. पुन्हा गज घातला, दुसरा निघाला. दोन्ही आईच्या जुन्या लुगड्याचे.

इतकी वर्षं मला वाटायचं, आई बिचारी नवऱ्याच्या धाकानं गप्प बसते.

"आई, तू दर वेळी बघतेस?"

"मग? त्यांच्याकडं बघायला दुसरं कोन हाय?" म्हणत तिनं सूप पुढं ओढलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डुकरं आली. नळी सुकली होती. अण्णा अंगणात बसले, दारूचा डबा उघडला आणि तसाच हातात धरून थांबले. आई आत भाकरी थापत होती.

"अगं, जरा भायेर ये की," त्यांनी हाक मारली.

ती पिठाच्या हातांनीच येऊन समोर बसली, तेव्हा कुठं त्यांनी दारू ओतली.